ग्राफ कळायचा असेल तर आधी बीएफएस कागदावर फिरवून बघा

ग्राफ म्हटलं की लोकं उगाच टेन्शन घेतात, पण त्यात असतं काय तर नोड आणि नोडना जोडणाऱ्या एज, बस. १७३६ मध्ये ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येतं का) सोडवलं तेव्हा त्यानेही जमिनीचे तुकडे आणि पूल एवढंच धरलं, बाकी नकाशा गेला उडत.

स्टोअर करायला शक्यतो अ‍ॅडजसन्सी लिस्ट घ्या, म्हणजे प्रत्येक नोडसमोर त्याच्या शेजाऱ्यांची यादी. मॅट्रिक्सही (नोड गुणिले नोड असा तक्ता, एज असेल तिथे १, नसेल तिथे ०) चालतं, पण १०,००० नोड असले की १० कोटी चौकटी होतात आणि एज कमी असतील तर त्यात बहुतेक शून्यच पडून असतात. एज दुतर्फा असेल तर दोन्ही नोडच्या यादीत टाकायची बरं का.

आता बीएफएस, म्हणजे ब्रेड्थ-फर्स्ट सर्च: आधी जवळचे नोड, मग लांबचे, असं ग्राफ फिरायचं. कागद घ्या. एज अशा: ०-१, ०-२, १-३, २-३, ३-४. सुरुवात ० पासून, त्याला व्हिजिटेड (बघून झालेला) मार्क करून क्यूमध्ये (रांग, जो आधी आत तो आधी बाहेर) टाका. ० काढला की १ आणि २ आत, १ काढला की ३ आत, मग २ काढला तर त्यालाही ३ दिसतो पण तो आधीच मार्क झालाय म्हणून सोडून द्या, शेवटी ३ काढला की ४ आत. अंतरं आली ०, १, १, २, ३, आणि एजला वेट (लांबी किंवा खर्चाचा आकडा) नसेल तर हाच शॉर्टेस्ट पाथ. इथे गोम एकच, मार्क क्यूमध्ये *टाकताना* करायचं, काढताना केलं तर वरच्या उदाहरणात ३ दोनदा आत जातो आणि मोठ्या ग्राफमध्ये क्यू नुसती फुगत जाते.

डीएफएस (डेप्थ-फर्स्ट सर्च) म्हणजे क्यूच्या जागी स्टॅक (जो शेवटी आत तो आधी बाहेर) किंवा सरळ रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), एका वाटेने टोकापर्यंत जायचं आणि मग मागे यायचं. सायकल (फिरून त्याच नोडवर येणारी वाट) शोधायला मस्त, शॉर्टेस्ट पाथला मात्र भरवशाचं नाही.

एजला वेट आलं की डायक्स्ट्राचा अल्गोरिदम (१९५९ चा पेपर, अजून जोरात चालतो), क्यूऐवजी प्रायॉरिटी क्यू आणि दर वेळी सगळ्यात कमी अंतराचा नोड बाहेर. फक्त वेट मायनस नको. अ ते ब २, अ ते क ५, क ते ब उणे ४ असं (सगळ्या एज एकतर्फी) घेऊन बघा, डायक्स्ट्रा ब ला २ वर फायनल करून मोकळा होतो आणि खरं उत्तर असतं १. असं असेल तर गपचूप बेलमन-फोर्ड हा अल्गोरिदम वापरा, स्लो आहे पण उत्तर बरोबर देतो, आणि मायनसची सायकल (जिच्या वेटची बेरीज उणे येते) असेल तर तीही पकडतो.