घरात कोलिनर्जिक गोळ्या सुरू असतील तर एवढं सांभाळा

नस पुढच्या स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तो बऱ्याच ठिकाणी ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडून, आणि काम झालं की एक एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. काचबिंदूचे पायलोकार्पिन ड्रॉप स्वतःच ॲसिटिलकोलीनसारखं काम करतात, बाकी डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, पायरिडोस्टिग्मिन या गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात म्हणजे आहे तेच ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. असं ॲसिटिलकोलीनचं काम वाढवणारी औषधं म्हणजे कोलिनर्जिक.

मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर दमण्याच्या आजारात, पायरिडोस्टिग्मिनची वेळ लई महत्त्वाची. पेशंटचे पहिले चार घास नीट जातात, मग जबडा दमतो आणि मटणाचा तुकडा तोंडात नुसता फिरत राहतो, गिळायला गेलं की ठसका. म्हणून गोळी साधारण जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी देतात, असर ३-४ तास टिकतो. लग्नात पंगत कधी बसणार ते आधी विचारून घ्या आणि गोळी खिशात ठेवा. अशक्तपणा वाढला म्हणून मनानं जादा गोळी अजिबात देऊ नका, कारण डोस जास्त झाला तरी स्नायू ढिलेच पडतात, आणि श्वास लागत असेल तर थेट हॉस्पिटल.

आजोबांना स्मृतिभ्रंशासाठी रिवास्टिग्मिनचा पॅच असेल तर जुना काढल्याशिवाय नवा लावू नका, दोन पॅच अंगावर राहिले की ओव्हरडोस. दर २४ तासांनी बदला, त्याच जागी परत १४ दिवस नको.

लाळ, घाम, मळमळ, जुलाब होऊ शकतात, ते डॉक्टरांना सांगा. नाडी मंद होऊन चक्कर आली तर वाट बघत थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. दमा, अल्सर, हृदयाचे ठोके कमी असतील तर ते गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगायचं. आणि मेडिकलमधून सर्दीची क्लोरफेनिरामिन, पोटात कळ आली म्हणून डायसायक्लोमिन असलं परस्पर आणू नका, ती बरोबर उलटं काम करतात.

आपल्याकडं शिरोळ-हातकणंगले भागात फवारणी कायमची, म्हणून हे पण. क्लोरपायरीफॉससारखी औषधं तेच एन्झाइम बंद पाडतात आणि ते सहजासहजी सुटत नाही, त्यामुळं या गोळ्या घेणाऱ्या माणसाला फवारणीला पाठवू नका. कुणाच्याही डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तोंडातून फेस, छातीत घरघर दिसली तर हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी करायला लावू नका आणि लगेच १०८ ला फोन करा. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या, हॉस्पिटलात ॲट्रोपिन हा उतारा लगेच सुरू करतात.