जेवणानंतरची पंधरा मिनिटं: चालण्यात खाडा पडला तर काय करायचं

पहाटे पाचला उठा, पाच किलोमीटर चाला, हा सल्ला मला ज्याने त्याने दिला. चार वेळा ऐकला, चारही वेळा आठवडाभरात सुटला. २०१७ मध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत (एचबीए१सी) आकडा ६.३ टक्के आला. ६.५ पासून मधुमेह धरतात. तेव्हापासून मी रात्री जेवून पंधरा मिनिटं चालते. लातूरच्या उन्हाळ्यात रात्रीचं चालणंच झेपतं.

घड्याळाची वेळ ठरवू नका. आमच्याकडे जेवणं कधी आठला होतात, लाईट गेली की साडेनऊला. म्हणून खूण धरायची ती ताटाची. ताट मोरीत ठेवायचं, हात धुवायचे आणि पदराला पुसत पुसत पाय चपलेत घालायचे. भांडी आल्यावर घासा. मध्ये टीव्हीसमोर टेकलात की ती रात्र गेली.

जेवल्यावर रक्तातली साखर चढते आणि चालताना पायाचे स्नायू ती ओढून घेतात. न्यूझीलंडमध्ये मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला.

चाल अशी ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. कुत्र्यांसाठी काठी, अंधारासाठी बॅटरी. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी अजिबात नको, आणि आल्यावर तळवे बघायचे.

इथवर सगळं सोपं आहे. माणूस अडतो तो खाड्यापाशी.

२०१८ च्या मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं, चार दिवस चालणं झालं नाही. पाचव्या दिवशी मी भरपाई म्हणून सव्वा तास चालले. गुडघा असा सुजला की आठवडाभर जिना उतरताना कठडा सोडवेना. मग ‘सोमवारपासून’ झालं, मग ‘अमावस्या गेल्यावर’, मग ‘पाऊस उघडल्यावर’. दिवाळीनंतर तपासलं तर आकडा ६.४. ते पाच महिने चार दिवसांच्या खाड्याने गेले नाहीत, भरपाईच्या हट्टाने गेले.

म्हणून खाड्याची भरपाई करायचीच नाही. दुसऱ्या दिवशी जेवून उठायचं आणि तुळशीपासून फाटकापर्यंत पाच फेऱ्या मारून आत यायचं. तेवढंच. अंगात जोर वाटला तरी सहावी नको. त्या दिवशी पायांना व्यायाम द्यायचा नसतो, ताटानंतर चप्पल हा क्रम परत बसवायचा असतो. पंधरा मिनिटं तिसऱ्या दिवशी.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे ऐकून बसू नका. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणसाला वाटतं, आपल्यातच खोट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला हिशेब सरासरी ६६ दिवसांचा आहे, कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. माझा स्वतःचा नियम कडक आहे: एक दिवस चुकला तर चालेल, सलग दोन नाही.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत. एक लिटर, बाजूला टिक. चुकलेल्या दिवसाची चौकट कोरी सोडा, लाल फुली मारू नका. माझ्या त्या मे महिन्यात फुल्या इतक्या झाल्या होत्या की मी त्या पानाकडे बघणंच सोडलं होतं.

घरचं ताटच नसेल त्या दिवसाची खूण आधी ठरवून ठेवा. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आम्ही शेतात भज्जी, उंडे, आंबील असं पोटभर जेवतो आणि रात्री कुणालाच भूक नसते. दोन वर्षं त्या दिवशी माझा खाडा पडला. आता आंबिलीचा तांब्या खाली ठेवला की सगळ्यांना उठवते, आणि ज्वारीच्या कडेने बांधावरून एक फेरी मारून मगच आम्ही झाडाखाली टेकतो.