नागपुरात ड्रोन उडवण्याआधी हे करा

गेल्या हिवाळ्यात बेसा भागातल्या एका लॉनवर लग्न होतं. वरात दाराशी आली तसा ड्रोनवाल्या पोराने ड्रोन नवरदेवाच्या डोक्यावर आणला. आवाजाने घोडी बिथरली, नवरदेव कसाबसा सावरला, आणि बाजूला लहान मुलं नाचत होती. त्या पोराकडे ना नोंदणी होती, ना विमा. तो वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. बॅटरी आणि पंख्यांची गार्ड लावून, म्हणजे उडताना जसा असेल तसा ड्रोन तोला. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेला ड्रोन गार्ड लावल्यावर मायक्रोमध्ये जातो आणि नियम बदलतात.

मग नोंदणी. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, ऑनलाइन नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. फी १०० रुपये. नॅनोलाही सूट नाही. सेकंडहँड घेत असाल तर यूआयएन आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मायक्रो आणि त्यावरच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमाही, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा, लागतो.

उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं. नॅनोला ते लागत नाही, हौसेखातर उडवलेल्या मायक्रोलाही नाही. पण लग्नाची ऑर्डर घेऊन मायक्रो उडवला की तो धंदा झाला, आणि प्रमाणपत्र हवंच. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. ते १० वर्षं चालतं. लग्नघरच्यांनीही ॲडव्हान्स देण्याआधी हे कागद मागावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा. नागपुरात खरी गफलत इथेच होते. सोनेगावचं विमानतळ शहराला चिकटून आहे, त्यामुळे शहराचा बहुतेक भाग त्याच्या १२ किलोमीटरच्या आत येतो. नियम असा: विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, रेड किंवा यलो झोन नसेल तिथे, ४०० फुटांपर्यंत ग्रीन झोन, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणारा भाग. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत ग्रीन धरूच नका. यलो झोनमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते, रेडमध्ये केंद्र सरकारची.

प्री-वेडिंगची सगळ्यांची आवडती जागा फुटाळा तलाव. तो ८ किलोमीटरच्या आत आहे आणि शेजारी वायुसेनानगर, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. अंबाझरी तर विमानतळाला आणखी जवळ. ‘सगळेच उडवतात’ हे पोलिसांपुढे उत्तर होत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून नेमकी जागा बघा, आणि उडवायच्या दिवशी पुन्हा बघा, कारण झोन बदलतात. राज्य सरकारही एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतं. डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, मोठ्या नेत्यांचे दौरे, अशा दिवसांत पोलीस आयुक्तालयाचे आदेश आधी वाचा, शंका असेल तर जवळच्या ठाण्यात विचारा. पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे निघालात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका.

जागेवर पोचल्यावर वर बघा. घारी घिरट्या घालत असतील तर थांबा, त्या ड्रोनवर झडप घालतात. संक्रांतीच्या दिवसांत मांजा पंख्यात गुंतला की ड्रोन थेट खाली येतो. गर्दीच्या डोक्यावर कधीच नाही, कितीही सुंदर फ्रेम दिसत असली तरी. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज आला की लगेच खाली उतरवा, आकाशात वाट त्यांची आधी. शेजाऱ्याच्या गच्चीवर, खिडकीसमोर कॅमेरा वळवू नका.

नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकांचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५, आणि प्रतिबंधात्मक आदेश मोडला तर कलम २२३ लागू शकतं.

एवढं करूनही ड्रोन पडला तर पळू नका. आधी कोणाला लागलंय का ते पाहा, दवाखान्यात न्या. बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर हात लावू नका, लोकांना दूर करा. अपघात झाल्यापासून ४८ तासांत त्याची माहिती डिजिटल स्कायवर डीजीसीएला द्यावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, आणि मेमरी कार्डवरचं काही पुसू नका.