रो-हाऊसवर मजला चढवण्याआधी

मिस्त्रीला फोन लावण्याआधी कपाटातून कागद काढा. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची चालू पावती, मूळ मंजूर नकाशा. घर सिडकोचं असेल तर लीज डीडही. नेमका नकाशाच सापडत नाही, आणि अडतं तिथेच. मागे किती जागा सोडायची होती, जुन्या मालकाने पत्रे टाकून काढलेलं स्वयंपाकघर मंजूर आहे की नाही, हे त्यावरूनच कळतं. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियमावलीप्रमाणे किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात परवानगी असलेलं बांधकाम) शिल्लक आहे, ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. नाशिकमध्ये घर गोदावरी किंवा नासर्डी नदीजवळ असेल तर नकाशावरची निळी-लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ती हद्द) आधी बघा. ‘गल्लीत सगळ्यांनीच चढवलंय’ हा काही परवाना नव्हे.

मग आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणारा इंजिनिअर. थ्रीडी चित्रं, मॉड्युलर किचन वगैरे नंतर. बरीच जुनी रो-हाऊसेस लोडबेअरिंग असतात, म्हणजे कॉलम नाहीतच, सगळा भार नऊ इंची भिंतींवर. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्याला वर काय टेकलंय ते आधी विचारा. पायापाशी खड्डा घेऊन खोली आणि माती बघायला लावा; काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. बाथरूमखालचा स्लॅब हातोडीने हलकेच ठोकून ऐका. आवाज खणखणीत आला तर ठीक. बदबद आला की तिथलं प्लास्टर उकरा; आत गज गंजून पापुद्रे सुटत असतील, तर नवीन मजल्याचा विषय दुरुस्तीनंतरच.

कॉमन भिंत एकट्या आपल्या मालकीची नसते. शेजाऱ्यांच्या घरात जाऊन, चहा घेत, त्यांच्या भिंतींचे आणि छताचे तारखेसकट फोटो काढा, आधीच्या भेगांसकट, आणि त्यांनाही पाठवा. पुढची निम्मी भांडणं यानेच टळतात. गच्चीचं पाणी कुणाच्या पाइपातून उतरतं तेही तेव्हाच बघून घ्या. तोडफोडीच्या वेळा ठरवा. शेजारच्या आजींच्या दुपारच्या झोपेला मान द्या.

लहान मुलं असतील तर धूळ हा मोठा प्रश्न. नव्या घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2016 चा. त्याआधीच्या रंगात हे विषारी शिसं जास्त असू शकतं; तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. कटर न लावता ओले करून अख्खे उतरवायला सांगा. तोडकाम चालू असताना पोरं आजोळी गेलेली बरी. जिन्याच्या कठड्याला आडवे पाइप दिसतात छान, पण मुलांना ती शिडीच! उभे गज घ्या, फट 10 सेंटिमीटरच्या आत. अर्थिंग नव्याने करा, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा, वर एसी येणार असेल तर महावितरणकडून लोड वाढवून घ्या.

काम दिवाळी झाली की सुरू करा. स्लॅब होळीआधी पडला तर उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी पुरवता पुरवता जीव जातो. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीत वाळूची गाडी दारात आणण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

ठेका ‘विथ मटेरियल’ की फक्त मजुरी, ते कागदावर हवं: सिमेंट-सळईचा ब्रँड, वाळू ब्रासने (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मोजायची की गाडीने, राडारोडा उचलायचा कुणी. गाडीने म्हटलं की भरणा कमी पडतोच. पैसे टप्प्याने द्या, शेवटचा हप्ता पहिला जोरदार पाऊस होऊन छत कोरडं राहिल्यावर. तीन टक्के स्वस्त म्हणून सळईत तडजोड नको. टाइल्स वाटल्या तर साध्या घ्या, त्या दहा वर्षांनी बदलता येतात. आणि काम चालू असताना एक तरी संडास-बाथरूम चालू राहील, हे मिस्त्रीकडून आधीच कबूल करून घ्या.