सम आधी हाताला कळू द्या
गणपतीत वाडीतल्या भजनांना झांज वाजवली असेल, तर शास्त्रीय संगीताची पहिली पायरी तुम्ही चढलेलीच आहात. सुरुवात विलंबित ख्यालापासून, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गाण्यापासून, करू नका. नवखा माणूस एका आवर्तनातच, म्हणजे तालाच्या एका फेरीतच, हरवतो. भूप रागातली द्रुत, म्हणजे जलद, त्रितालातली बंदिश (तालात बांधलेली रचना) लावा. भूपात स्वर पाचच, म आणि नी वर्ज्य, म्हणून सूर कानात लवकर बसतात. तबल्याबरोबर त्रितालाच्या 16 मात्रा, म्हणजे ठोके, मोजा: 1, 5 आणि 13 वर टाळी, 9 वर नुसता हात उघडा, तो काल. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, फिरून जिच्यावर टेकतो ती पहिली मात्रा म्हणजे सम. ती पकडल्याचा आनंद फार मोठा असतो! आठवडाभर हीच बंदिश दिवेलागणीनंतर पडवीत बसून ऐका. भूपाची वेळही तीच, रात्रीचा पहिला प्रहर.