मान्सून संशोधनात येताय? आधी एकदा बांधावर जाऊन या

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मान्सूनच्या कामाला लागले, तेव्हा समीकरणं आणि कोडिंग आलं की बाकीचं आपोआप जमेल असं मला वाटायचं. ते यायला हवंच. पायथन आणि लिनक्स शिकून घ्या, संख्याशास्त्राचा कंटाळा करू नका. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा (नकाशावर चौकोन पाडून प्रत्येकाचा वेगळा आकडा) मोफत मिळतो, त्यावर हात बसवा. फक्त एक सांभाळा, माझे त्यापायी तीन महिने गेले. आपल्याकडे तारखेपुढे लिहिलेला पाऊस आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा असतो. संगणकावर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या मॉडेलचा दिवस बहुतेक वेळा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. मी दोन्ही आकडे तसेच शेजारी मांडले आणि मॉडेलच चुकतंय असं धरून चालले.

माझा विषय बदलला तो परभणी जिल्ह्यातल्या एका गावात. मी हंगामाचा अंदाज समजावत होते: जून ते सप्टेंबर देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य. सोयाबीन घेणारे एक काका म्हणाले, "देशाचं ऱ्हाऊ द्या ताई. पेरल्यावर किती दिवस उघडीप पडंल, तेवढं सांगा." आदल्या वर्षी त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली होती. घरामागे त्यांनी स्वतःचा पर्जन्यमापक बसवला होता आणि वहीत रोजचा आकडा लिहीत होते.

विषुववृत्तापाशी तयार होणारे ढगांचे पट्टे साधारण ३० ते ६० दिवसांच्या लयीत उत्तरेकडे सरकतात. एक पट्टा पुढे गेला आणि पुढचा अजून यायचा असला, की पावसात खंड पडतो. ही चाल संथ असते, म्हणूनच तिची चाहूल दोन-तीन आठवडे आधी लागू शकते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मान्सून मिशनमधून पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, यावर मोठं काम केलं. हवामान विभाग आता दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. दुसऱ्या आठवड्यानंतर त्याचा भरवसा कमी होत जातो, तालुक्यापर्यंत उतरलं की आणखीच.

म्हणून पाऊस 'पडेल' की 'नाही' यात अडकू नका, शक्यता सांगायला शिका. समजा, दुबार पेरणी झाली तर एकरी आठ हजारांचा फटका आहे आणि आठवडाभर थांबलं तर उत्पन्नात दोन हजारांची घट येते. मग मोठ्या खंडाची शक्यता २५ टक्क्यांच्या वर गेली, की थांबणंच परवडतं. जी ३० टक्के शक्यता आम्ही 'कमी' म्हणून अहवालात शेवटी टाकायचो, ती त्या काकांच्या पेरणीचा निर्णय फिरवू शकते! कापसाचं गणित वेगळं, धरणातून पाणी सोडणाऱ्या अभियंत्याचं त्याहून वेगळं. प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी अशा एका माणसाजवळ बसून त्याचे आकडे लिहून घ्या. गाइडना ते अवांतर वाटलं तरी हट्ट धरा.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. काका ते पाळतातच. शिवाय जूनमध्ये गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. मी टक्के सांगते आणि त्यांच्या वहीतले आकडे उतरवून घेते.