डिस्कसची पिल्ले आईबापांच्या अंगाला लागत नसतील तर

अंड्यांतून निघून पोहू लागलेली डिस्कस या शोभेच्या माशाची पिल्ले नर-मादीच्या अंगावरील स्राव खाऊन जगतात. मात्र पुष्कळदा ती त्यांच्याकडे न जाता हीटरला किंवा फिल्टरला चिकटून बसतात आणि उपाशी मरतात.

पिल्ले गडद वस्तूकडे ओढली जातात, म्हणून ती पोहू लागण्याच्या आदल्या दिवशीच टाकीतील काळ्या वस्तू काढाव्यात, स्पंज फिल्टरची हवा अगदी मंद करावी आणि पाणी हळूहळू कमी करून मोठ्या माशांची पाठ जेमतेम बुडेल त्याहून चार बोटे वर ठेवावे, म्हणजे टाकीत सर्वांत गडद असे आईबापच उरतात. रात्री मंद दिवा चालू असावा. एवढे केल्यावर बहुतेक पिल्ले काही तासांत अंगाला लागतात. तोवर जाळी घालून त्यांना हाकण्याचा मोह आवर्जून टाळावा, कारण बिथरलेले आईबाप पिल्ले गिळतात.

चार-पाच दिवसांनी ताजी उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखे बारीक जीव) थोडी थोडी द्यावी. पाणी रोज बदलावे, पण नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचे, म्हणजे सुमारे 29 ते 30 अंश सेल्सिअस असावे.

पाणी उतरवण्यापूर्वी हीटर बंद करून आडवा, पूर्ण बुडेल असा बसवावा. उघडा पडलेला हीटर तडकतो.